अर्धलीनं दिलेली कुत्री

मी माझी कुत्री अर्धलीनं दिली.

हे वाक्य माहेरच्या माणसांत मोठ्यानं म्हणायची माझी आजही हिंमत होत नाही. शहरात म्हटलं तर कुणाला काही कळत नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

अर्धल ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडं शेळी आहे पण चारायला माणूस नाही, तर ती दुसऱ्याच्या दावणीला द्यायची. शेळी आपलीच राहते. तो तिला चारतो, पाजतो, आणि होणाऱ्या करडांत निम्मी त्याची, निम्मी आपली. कागद नाही, सही नाही. आमच्या मेंढपाळांच्या घरांत शेळ्या अशा किती दिल्या-घेतल्या गेल्या त्याची गणती नाही, क्वचित मेंढीही. कुत्री कधीच नाही. कुत्रीचं पिल्लू आमच्यात विकत नाहीत. जे विकत नाहीत त्याची वाटणी कशी करणार? दुसरीतल्या पोराला कळेल एवढं साधं गणित, आणि मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणितच शिकवलं.

तेव्हा मी एकोणसाठ वर्षांची होते. वय झालं होतं, अक्कल यायची होती. त्या बाईकडं आता मागं वळून बघते तेव्हा तिचा कान धरून तिला बाकावर उभं करावंसं वाटतं, आणि शाळा सुटली तरी खाली उतरवू नये असं वाटतं.

नावं कुणाचीच लिहीत नाही. कुत्रीचंही नाही.

ती माझ्याकडं आली त्याचीही गोष्ट माझ्या शहाणपणाचीच आहे. हे गेले, मुलगा-लेक आपापल्या संसारात, आणि घरात मी एकटी उरले. जालना रस्त्यावर चिकलठाण्याच्या पुढं आम्ही नवं घर बांधलं होतं, मागं तुरीचं शेत, पुढं नुसते आखलेले प्लॉट. भाऊ म्हणाला, एक कुत्रं ठेव. त्याचा मेंढरांचा तळ तेव्हा गंगापूरकडं एका मोकळ्या रानात होता आणि त्याची कारवानी कुत्री व्याली होती. कारवानी म्हणजे लांब तंगड्या, आत गेलेलं पोट, वाऱ्यासारखं पळणारं जनावर. मी एसटीनं गंगापूर, तिथून जीपनं तळावर गेले आणि कुत्रीपुढं बिस्किटाचा पुडा फोडला. कुत्री अशी गुरगुरली की मी दोन पावलं मागं सरले ती थेट काटेरी कुंपणावर.

वहिनी चुलीपाशी बसून बघत होती. वहिनी शाळेत गेलेली नाही आणि मला कधी घाबरलेलीही नाही.

"बाई, बिस्कुट कुणाला आणलं? तिला का मला?"

"तिला."

"मंग मला दे. आन् तू घरी जाऊन सोताच्या हातानं भाकर कर. ती भाकर घिऊन ये, हात तिच्याफुडं धर. हुंगून खाल्ली तर पिल्लू उचल. गुरगुरली तर आठ दिसांनी ये."

हा आमच्यातला रिवाज. मला तो लहानपणापासून माहीत होता, पण नोकरीच्या वर्षांत माणूस पुष्कळ गोष्टी खडूच्या भुकटीसारख्या झटकून टाकतो. आठ दिवसांनी मी भाकरी घेऊन गेले. शेजारणीकडून करून घेतली होती. कुत्री पुन्हा गुरगुरली. वहिनीनं भाकरी हातात घेऊन फिरवली, म्हणाली, "येवढी गोल भाकर तुझ्या हाताची नसती." तिसऱ्या खेपेला माझ्या हातची, एका बाजूनं करपलेली भाकरी नेली. कुत्रीनं माझा हात मनगटापर्यंत हुंगला, भाकरी खाल्ली आणि आडवी झाली. मी पिल्लू उचललं. तोवर ते पिल्लू स्वतः भाकरीचा तुकडा चावत होतं. जन्मून दोन महिने झाले होते त्याला. हा दोन महिन्यांचा हिशेब लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पाच वर्षं ती माझ्या दारात राहिली. तुरीचं शेत गेलं, तिथं तीन मजली इमारती आल्या. पुढच्या घरात एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर राहायला आले. कॉलनीला सोसायटी झाली, सोसायटीला चेअरमन झाले, चेअरमनना व्हॉट्सॲप मिळालं. मग लागोपाठ दुसरं वर्ष कोरडं गेलं. शहराचं नाव तेव्हा जुनं होतं. आता नवं झालंय, नळाची तऱ्हा मात्र तीच, पण आमच्याकडं त्या वर्षी नळही नव्हता. आठवड्याला एक टँकर. बायका हंडे घेऊन, पुरुष पाइप घेऊन, आणि चेअरमन वही घेऊन उभे. माझ्या दाराशी कुत्रीचं पाण्याचं घमेलं असायचं. एक दिवस ग्रुपवर त्या घमेल्याचा फोटो आला आणि खाली लिहिलेलं, माणसांना प्यायला नसताना असा अपव्यय शोभतो का.

त्याच दिवशी सकाळी मी चेअरमनच्या गाडीची टपावरून चाकापर्यंत आंघोळ चाललेली पाहिली होती. मला तो फोटो काढता आला असता. मी काय केलं? घमेलं आत घेतलं. ज्या बाईला बघून पाचवीचा वर्ग चिडीचूप व्हायचा, ती बाई एका फोटोनं लाजली. आजही ते आठवलं की माझ्या डोक्याची शीर उडते, आणि चेअरमनपेक्षा मला त्या बाईचा जास्त राग येतो.

कुत्री तळावर परत पाठवायची सोय नव्हती. जनावरांच्या छावण्या होत्या त्या गाई-म्हशींच्या. भाऊ मेंढरं घेऊन दोन जिल्हे ओलांडून कुठं तरी पाण्याच्या मागं गेला होता आणि फोन लागला तर लागायचा.

अशा वेळी तो माणूस भेटला. मी कुत्रीला फिरवत होते, त्यानं गाडी थांबवली.

"मावशी, ओरिजनल कारवानी?"

"व्हय."

"काय चीज आहे. आजकाल फार्महाउसवाले देशीच मागतेत मावशी. लॅब्राडॉर काय, गल्लीबोळात झालाय. विकता?"

"आमच्यात कुत्रं विकत नाहीत," मी ताठ मानेनं म्हणाले. इथंच थांबले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण त्यानं सांगितलं की त्याची शेड आहे, शेडवर बोअर आहे, बोअरला पाणी आहे. पाणी म्हटल्यावर माझी मान जरा वाकली. आणि मग माझ्यातली हुशार बाई जागी झाली. म्हणाले, "विकत नाही देणार. अर्धलीनं देते."

"म्हणजे काय?"

मी त्याला समजावून सांगितलं. हो, मीच. रस्त्याच्या कडेला उभं राहून, बोटांवर, उदाहरणासकट. कुत्री माझी, दाणापाणी तुझं, पिल्लं निम्मी-निम्मी, पाऊस पडला की कुत्री परत. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा उजळत चालला होता. वर्गात असा चेहरा दिसला की मला वाटायचं, पोराला गणित समजलं. याला फारच चांगलं समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन आला. "मावशी, आता कायदा आलाय. कुत्र्यांची पैदास करायची तर सरकारात नोंदणी लागते. मालकाची सही पाहिजे. तुम्ही मालक, म्हणून तुमची." मला त्याचं कौतुक वाटलं. कायदा पाळणारा माणूस आहे म्हटलं. चष्मा आत होता. आत जाऊन आणायचा कंटाळा केला. त्यानं बोट ठेवलं तिथं सही केली, चार ठिकाणी. वाचल्याशिवाय कशावर सही करू नका, हे मी किती पोरांच्या डोक्यात घातलं असेल. त्यातलं एखादं तेव्हा रस्त्यानं गेलं असतं तर बरं झालं असतं.

कुत्री त्याच्या गाडीत चढेना. मी चढवली. मी म्हटलं, जा, पाणी आहे तिथं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि माझ्या शब्दावर चढली.

पहिल्या वेताची माझ्या वाट्याची दोन पिल्लं त्यानं मिठाईच्या मोठ्या खोक्यातून आणून दिली. दात नुकते फुटू लागलेले, चालताना भेलकांडत होती. महिन्याची असतील जेमतेम. मला कळायला हवं होतं. तीन खेपा घालून दोन महिन्यांचं पिल्लू आणलेल्या बाईला नाही कळणार तर कुणाला? पण मी हरखले होते. अर्धल फळाला आली होती ना. एक पिल्लू कंडक्टरसाहेबांना दिलं. त्यांची बायको गेली होती, सून-मुलगा दिवसभर कामाला, त्यांना सोबत हवी होती. दुसरं माझ्याकडं ठेवलं. माझ्याकडचं चौथ्या दिवशी गेलं. मी स्वतःला समजावलं की कमजोर असेल.

कंडक्टरसाहेबांनी त्यांचं पिल्लू जगवायचा फार प्रयत्न केला. शहरातल्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं, शाईच्या ड्रॉपरनं दूध पाजलं, शर्टाच्या आत घेऊन बसले. आठव्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात आले. हातात तो मिठाईचा खोका, धुऊन पुसलेला.

"बाई, तुमचा खोका."

एवढंच म्हणाले. रिकामा खोका धरून मी दारात उभी राहिले. माणसानं शिवी द्यावी. शिवीला उत्तर तरी देता येतं.

त्या दिवसापासून मी त्या माणसाला फोन लावायला सुरुवात केली. कुत्री बघायला येते म्हटलं की तो म्हणायचा, आज नको मावशी, इंजेक्शन दिलंय. नंतर म्हणायचा, गाभण आहे, डॉक्टरनी माणसं भेटू देऊ नका म्हणून सांगितलंय. पहिलं वेत होऊन किती दिवस झाले होते? मी कॅलेंडरवर मोजले आणि बसले. तिला श्वास घ्यायलाही सवड दिली नव्हती. परत पाठव म्हटलं तर म्हणाला, "पाऊस कुठं पडलाय मावशी? तुमचाच शब्द." आणि दुसऱ्या वेतानंतर त्यानं माझा फोन उचलणं बंद केलं. माझ्या वाट्याची पिल्लं नंतर आली नाहीत, हे सांगायला नकोच. आली असती तर मी ती कुठल्या तोंडानं घेतली असती?

शेड कुठं आहे ते कंडक्टरसाहेबांनी शोधून काढलं. त्या माणसाच्या गाडीवर शेडचं नाव रंगवलेलं होतं आणि ज्या माणसानं तीस वर्षं तिकिटं फाडली त्याला जिल्ह्यातला कुठलाही रिक्षावाला पत्ता सांगतो. मी म्हटलं, गिऱ्हाईक म्हणून जाऊ. ते म्हणाले, "बाई, तुम्हाला ओळखंल तो."

"तो दुपारी नसतो, रिक्षावाला म्हणाला ना. आणि मी ओळखू येणार नाही."

कंडक्टरसाहेबांच्या सुनेचा गॉगल लावला, लेकीनं दिलेली आणि मी कधी न नेसलेली जांभळी साडी नेसले. कंडक्टरसाहेबांनी लग्नातला सफारी काढला. त्यात ते आमदाराच्या ड्रायव्हरसारखे दिसत होते. मी फार्महाउसवाली विधवा आणि ते माझे दीर, असं ठरलं. आता लिहिताना हसू येतं. तेव्हा रिक्षात मी दर दोन मिनिटांनी गॉगल पुसत होते.

बंद पडलेल्या कारखान्याच्या मागं पत्र्याची शेड. आत पाऊल टाकलं तर फिनाइल आणि त्याच्या खालून येणारा दुसरा वास. पिंजरे एकावर एक. तळ तारेच्या जाळीचे, म्हणजे धुवायला पाणी लागत नाही, घाण आपोआप खाली पडते, खालच्या कुत्रीच्या अंगावर. बोअर होता. मोटर जळालेली होती. एका बादलीत हिरवं पाणी.

कामाला ठेवलेली एक बाई होती, तिनं आम्हाला पिल्लं दाखवली. पंचवीस-तीस दिवसांची. कंडक्टरसाहेबांनी विचारलं, "काय हो, एवढी लहान विकायला परवानगी असती का?"

"समदं कायद्यानं हाय साहेब," ती बाई म्हणाली. "आमच्या मालकीणबाई मास्तरीण हायेत. लई पावरफुल बाई हाय म्हणं. समदं त्यांच्याच नावावर हाय." आणि तिनं खिळ्याला लटकवलेली फाइल काढून दाखवली.

पहिल्याच पानावर माझी सही. गोल, ठळक, फळ्यावर लिहिल्यासारखी. पैदासकाराचं नाव म्हणून माझं नाव. अकरा कुत्र्यांची मालकीण मी. शेडच्या जागेची भाडेकरू मी. कंडक्टरसाहेब एकदा कागदाकडं आणि एकदा माझ्या गॉगलकडं बघत राहिले.

माझी कुत्री शेवटच्या पिंजऱ्यात होती. मी आधी ओळखलंच नाही. सड लोंबत होते, कोपरं जाळीनं सोलून लाल झाली होती, आणि कारवानीचं ते आत गेलेलं पोट आता नुसतं कातडं. मी बोलले असते तर सोंग उघडं पडलं असतं, म्हणून जाळीतून हात आत घातला. तिनं कान उचलला. उठून आली, हात हुंगला, मनगटापर्यंत, मी पिल्लू न्यायला गेले तेव्हा तिच्या आईनं हुंगला तसाच. मग वळली आणि माझ्याकडं पाठ करून बसली.

गॉगलमुळं बरं झालं एवढंच म्हणते.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत. कुठली कचेरी ते सांगत नाही, बाहेर सगळ्या सारख्याच दिसतात आणि आतून त्याहून सारख्या. साहेब माझ्या मुलाच्या वयाचा. त्यानं अर्ज वाचला, कपाटातून कागद मागवला आणि म्हणाला, "आजी, या शेडचा नोंदणीचा अर्ज आलेला आहे. कागद व्यवस्थित आहेत."

"कुत्र्या व्यवस्थित नाहीत."

"तपासणीला पथक लागतं. आमचे सगळे डॉक्टर चारा छावणीवर. दुष्काळ आहे."

"दुष्काळ त्या कुत्र्यांनाही आहे."

"नंतर या."

मी नंतर गेले. मग पुन्हा नंतर गेले. मधल्या काळात कंडक्टरसाहेबांच्या सुनेनं ते नियम मोबाईलवरून छापून आणले. सरकारी इंग्रजी, एकेक वाक्य मालगाडीएवढं. मी शिसपेन्सिल घेऊन बसले. अठरा महिन्यांच्या आत कुत्रीवर नर घालायचा नाही. वर्षातून एकच वेत. जन्मात पाच, त्यापुढं नाही. आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही.

आठ आठवडे. दोन महिने. मी ती ओळ वाचली आणि पेन्सिल खाली ठेवली. दिल्लीत कुठं तरी शिकलेल्या माणसांनी बसून, चर्चा करून, मसुदे खोडून जे शोधलं, ते वहिनी चुलीपुढून न उठता सांगत होती. पण वहिनीच्या नियमात तपासायला कुत्री स्वतः असते, दात विचकून. सरकारच्या नियमात तपासायला पथक असतं आणि पथक छावणीवर असतं. वेतं मोजायची वही कुणाकडं? जो विकतो त्याच्याकडं. त्यात काय लिहायचं ते कोण ठरवणार? तोच. आणि खाली सही कुणाची? माझी. चांगला कायदा हा असा खुंटीला टांगलेला बघितला की मला कायदा नसण्याचा येत नाही एवढा राग येतो. कायदा नसता तर ती कामवाली बाई निदान "समदं कायद्यानं हाय" असं म्हणाली नसती.

त्याच रागात मला सुचलं. तीस वर्षांच्या नोकरीत सरकारी माणूस कशाला भितो हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. तक्रारीला तो भीत नाही. तक्रारीच्या खाली "प्रत माहितीस्तव" म्हणून वरच्या तीन साहेबांची पदं लिहिली असली की भितो.

मी नवा अर्ज लिहिला आणि साहेबापुढं ठेवला.

"कुणाविरुद्ध आहे?" त्यानं न वाचता विचारलं.

"माझ्या."

त्यानं वर बघितलं.

"खाली लिहिलंय. मी बेकायदा कुत्र्यांची पैदास करते. वर्षात दोन-दोन वेतं घेते. महिन्याची पिल्लं विकते. पाण्यावाचून ठेवते. नियम कुठले मोडले ते क्रमांकासकट दिलेत."

"आजी, असं नसतं."

"का नसतं? कागदावर मीच आहे ना? तुम्हीच म्हणालात, कागद व्यवस्थित आहेत."

"तुमच्या लक्षात येतंय का, तुम्ही स्वतः अडकाल."

"म्हणून तर आले. दुसऱ्याला पकडायला तुमच्याकडं माणूस नाही. मी आयती चालत आलेय. आता गुन्हेगार समोर बसलाय आणि तुम्ही त्याला घरी पाठवताय, हेही लिहून द्या."

त्यानं अर्जाचा शेवट वाचला. प्रतींची यादी वाचली. मग चहा मागवला. मी चहा प्यायले आणि म्हणाले, "पोच द्या. शिक्क्यासकट."

तिसऱ्या दिवशी पथक निघालं, साहेब स्वतः बरोबर. छावणीवरून एक डॉक्टर आला, अंगाला शेणाचा वास, डोळे तांबारलेले. त्या बिचाऱ्यानं शेडमध्ये पाऊल टाकलं आणि बाह्या वर सारल्या. कंडक्टरसाहेब पंच म्हणून सही करायला आले होते, या वेळी साध्या कपड्यांत.

तो माणूसही धावत आला. "मावशी, घरातली भांडणं सरकारदरबारी नेतेत का?"

"कुणाचं घर?"

"म्हणजे शेड हो. तुमचीच की. कागद बघा ना, सगळं तुमच्या नावावर. अडकाल तुम्ही."

"माझी आहे ना? नक्की?"

"नक्की म्हणजे काय, सही आहे तुमची."

"मग पिंजरे उघड. मालकीण सांगते आहे."

साहेब हसला नाही, पण त्यानं खिडकीकडं तोंड केलं. त्या माणसानं किल्ल्या काढल्या. अकराच्या अकरा कुत्र्या बाहेर आल्या. दोघींना चालता येत नव्हतं, जाळीवरच वाढल्या होत्या, जमीन म्हणजे काय ते त्यांच्या पायांना माहीत नव्हतं. माझी सोडून बाकी दहा जणींना शहरातल्या जनावरं सांभाळणाऱ्या काही पोरींनी नेलं. माझी कुत्री पंचनाम्यावर सही होऊन मला मिळाली. ती माझ्याकडं आली नाही. कंडक्टरसाहेबांनी उचलून रिक्षात ठेवली.

नोटीस माझ्या नावानं आली. मी खुलासा दिला, दंड भरला, पुन्हा पैदास करणार नाही असं लेखी दिलं. त्या माणसाला काय झालं? काही नाही. त्याचं नाव कुठंच नव्हतं ना. सहा महिन्यांत विमानतळाच्या पलीकडं त्याची नवी शेड उभी राहिली, दुसऱ्या कुणा मावशीच्या नावावर. मी त्याचाही अर्ज दिला आहे, प्रत माहितीस्तव. कॉलनीतल्या ज्या घरांत त्याची पिल्लं आहेत त्या घरांतली माणसं मला भेटली की म्हणतात, "आजी, बरं केलंत तुम्ही, मुकी जनावरं हो." मी विचारते, तुमच्या पिल्लाची आई बघितली होती का? मग त्यांना घाईचं काम आठवतं. चेअरमननीही एक आणलाय. त्याचं पाण्याचं भांडं स्टीलचं आहे आणि त्याचा फोटो ग्रुपवर येत नाही.

कुत्री महिनाभर माझ्या घरी राहिली. दाराकडं तोंड करून पडायची. मी आत गेले की खायची, बाहेर आले की थांबायची. मी माझ्या हातची भाकरी तिच्यापुढं धरून बसायचे, एका बाजूनं करपलेली, ती बघायचीसुद्धा नाही. शेवटी पाऊस झाला, भावाचा तळ गंगापूरकडं परतला, आणि मी तिला घेऊन गेले. मनात होतं, वहिनीकडं ठेवावं, आणि जमलं तर आपणही काही दिवस तिच्याजवळ राहावं. ती मला माफ करील का, हे मला या जन्मात कळून घ्यायचं होतं.

गाडीतून उतरवल्याबरोबर ती वहिनीकडं गेली. वहिनीनं तिला आडवी पाडली, कोपरं बघितली, सड बघितले, दात बघितले. मी सगळं सांगितलं, अर्धलीपासून नोटिशीपर्यंत. वाटलं होतं, कचेरीतल्या माझ्या पराक्रमाला तरी हसेल.

"पिल्लं किती झाली तिला?" वहिनीनं विचारलं.

"मला माहीत नाही."

"तुला म्हाईत नाय." तिनं हळद-तेल गरम करायला ठेवलं. बराच वेळ त्या कोपरांना लावत बसली. कुत्रीनं तिच्या मांडीवर डोकं टाकलं होतं. भाऊ मेंढरांकडून आला, मला बघून तसाच पुन्हा मेंढरांकडं गेला.

मी चपला काढल्या आणि चुलीपाशी बसायला निघाले. वहिनीनं हात वर करून मला तिथंच थांबवलं. काठवटीतून भाकरीच्या मळलेल्या पिठाचा गोळा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली,

"भाकर तू थाप. आन् भाजल्यावर हात तिच्याफुडं धर. हुंगून खाल्ली तर बस इथं, पायजे तेवढं दिस ऱ्हा. गुरगुरली तर आठ दिसांनी ये."